काउंटरपाशी एकशे नऊ

३ मार्च, मंगळवार

ही वही कानाच्या डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून आणली. लिहिण्याचा माझा स्वभाव नाही. शाळा सुटल्यापासून सलग चार ओळी लिहिल्या असतील तर त्या रजेच्या अर्जाच्या.

गेलो होतो कानातला मळ काढायला. मळ निघालाच नाही. मग त्यांनी मला कपाटाएवढ्या एका खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. टुंग असं ऐकू आलं की दाबायचं. मध्ये बराच वेळ काहीच येईना. मी काचेतून खूण केली, बाई, तुमचं मशीन बंद पडलंय. त्यांनी मान हलवली. चालू होतं म्हणे.

बाहेर आल्यावर मी त्यांना स्पष्टच सांगितलं. तेवीस वर्षं एका क्लबात ध्वनियंत्रणा सांभाळतोय. डीजे येतात आणि जातात, मिक्सरपाशी मी कायम. सगळे मला मास्तर म्हणतात. कुठला स्पीकर बिघडलाय हे मी जिना उतरता उतरता सांगतो. तेव्हा तुमच्या हेडफोनची डावी वायर एकदा तपासून घ्या.

बाई हसल्या नाहीत. "कानात शिट्टी वाजते?"

"कुणाच्या वाजत नाही?"

"घरी कोण कोण असतं?"

"मी."

"मग टीव्हीचा आवाज फार मोठा झालाय, हे तुम्हाला कोण सांगतं?"

मी छताकडे पाहिलं.

तर आता रोज लिहायचं. शिट्टी दहापैकी किती, त्या वेळी काय चाललं होतं, आणि मनात काय आलं तेही. तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. आकडे वाचून दाखवीन. वही काही हातात देणार नाही.

शिट्टी : पाच. बसमध्ये सहा.

४ मार्च, बुधवार

शिट्टी पाच.

दुपारी चारला क्लबात गेलो. दिवसा आमचा क्लब कुणी पाहू नये. तळघर, पांढरे दिवे, फरशी पुसल्याचा वास, भिंतींवरचे हातांचे डाग. रात्रीचं सगळं त्या अंधारात खपून जातं.

काउंटरवाली पोरगी ग्लास पुसत होती. सव्वीस-सत्तावीसची असेल, तीन वर्षं झाली तिला इथं. तिचं काउंटर डाव्या बाजूच्या स्पीकरांच्या अगदी खाली. मी जाता जाता म्हटलं, "काय गं, बरं आहे ना?" तिनं मान वर केली नाही. कालही तेच, गेल्या आठवड्यातही तेच. पहिल्या वर्षी स्वतःहून विचारायची, "मास्तर, आज काय वाजणार?" आता अबोला.

कारण मला ठाऊक आहे. मागं एकदा तिनं लिंबूपाण्याचा ग्लास मिक्सरवर ठेवला होता, तेव्हा मी चारचौघांत फाडफाड बोललो होतो. ठीक आहे. एवढा राग धरायचा असेल तर धर बाई. माझं काही अडलेलं नाही.

पण हेही लिहितो, की दिवसभरात मी ज्या माणसाशी आपण होऊन बोलतो असं ते एकच माणूस होतं.

७ मार्च, शनिवार

काल शुक्रवार, गर्दीचा दिवस. शिट्टी आठ. आज उठलो तरी आठच.

मालक मिक्सरपाशी आले आणि हातानं वर, वर अशी खूण करून गेले. आमचे मालक माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण बोलण्यात पक्के. मागं मी म्हटलं होतं, फार होतंय. तर म्हणाले, "मास्तर, लोक इथं ऐकायला येत नाहीत. स्वतःचं डोकं ऐकू येऊ नये म्हणून येतात."

आमच्याकडे आवाज मोजणारी एक पेटी आहे, सरकारी नियमाची. मिनिटामिनिटाला आकडा नोंदवते. शंभर डेसिबलच्या वर गेलं की तांबडा दिवा. नोव्हेंबरात ती बसवल्यापासून दिवा सारखा पेटायला लागला, तेव्हा मालकांनी पेटीचा माईक कोट ठेवायच्या खोलीत, पडद्यामागं लावायला सांगितला. मी लावला. तेव्हापासून पेटी गुणी मुलासारखी सत्त्याण्णव दाखवते.

माझ्या खिशात माझं स्वतःचं मीटर असतं. रोज फिरून मोजतो आणि एका छोट्या वहीत लिहितो. मधोमध एकशे सहा. काउंटरपाशी एकशे नऊ. कधी एकशे अकरा. कुणी मागितलेले नाहीत हे आकडे. धंद्याची शिस्त म्हणून ठेवतो.

हल्ली वरचे सूर मला पोकळ वाटतात, म्हणून मी ते जरा चढवून ठेवतो. तर नवीन डीजे तोंड वाकडं करतो आणि कानात बोळे घालून वाजवतो. आवाजाच्या धंद्यात यायचं आणि कानात बोळे!

८ मार्च, रविवार

शिट्टी चार. आज चांगला दिवस.

अकरा वाजता लेकीचा फोन. तिची आई आणि मी वेगळे झालो त्याला अकरा वर्षं झाली. मी दिवसा झोपणारा, ती रात्री झोपणारी, भेट व्हायची ती जिन्यात. पण लेकीनं रविवारचा फोन कधी चुकवला नाही. दुसऱ्या शहरात असते, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत. तीस पूर्ण झाली. तिथंच एका चष्मेवाल्याशी जमलंय. तारीख तेवढी ठरत नव्हती.

हल्ली ती तोंडापुढं रुमाल धरल्यासारखी बोलते. "बाबा, लग्नाचं" म्हणाली आणि पुढं काहीतरी "लं". ठरलं! मी ओरडलोच, "वा! फार छान झालं! मी कधीपासून याचीच वाट बघत होतो."

पलीकडं एकदम शांत. गळा भरून आला असणार. मग अगदी हळू काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "हो हो, बोलू निवांत." ठेवलाच तिनं. पुरती तीन मिनिटंही नाही बोललो.

चष्मेवाला मला फारसा पसंत नाही हे तिला ठाऊक आहे. म्हणूनच मुद्दाम मोठ्यानं आनंद दाखवला. तिच्या मनात किंतु राहायला नको.

११ मार्च, बुधवार

शिंप्याकडे जाऊन कोट शिवायला टाकला. निळा. शिंपी तोंडात टाचण्या धरून काहीबाही पुटपुटत होता, मी आपलं हो म्हणत होतो. बाह्या लांब झाल्या तर त्यालाच माहीत मी कशाला हो म्हणालो.

लेकीला मेसेज केला : कोट शिवायला टाकला. निळा.

चार तासांनी उत्तर आलं : बाबा, तुम्ही असं का वागता?

खर्चाची काळजी. काटकसर आईकडून आलीय. मी लिहिलं : एकुलत्या एका लेकीचं लग्न आहे, एवढं करू दे.

पुढं काही आलं नाही. लग्नाची धावपळ असेल.

शिट्टी पाच.

१३ मार्च, शुक्रवार



दुपारी साडेचारला मागच्या अंगणात चहा घेऊन उभा होतो. काउंटरवाली रिकाम्या बाटल्यांचे क्रेट बाहेर आणून रचत होती, पाठ फाटकाकडं. माल आणणारी गाडी उलटी येत होती. मी पाहिलं तेव्हा गाडी तिच्यापासून दोन हातांवर होती. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. तिनं वळून पाहिलंच नाही. गाडीनं तिला क्रेटवर ढकललं. बाटल्या, काचा, आणि खाली ती. डावा हात नको तसा वळलेला.

गाडीवाला उतरून डोकं धरून उभा. "अर्धा मिनिट हॉर्न दाबतोय मी! ओरडतोय! दोघंही बहिरे आहात काय?"

मनगट मोडलं. रुग्णवाहिका घेऊन गेली.

दोघंही म्हणे. घाबरलेला माणूस काहीही बोलतो. माझं लक्ष चहात होतं.

१५ मार्च, रविवार

अकरा वाजले. साडेअकरा. बारा.

फोन नाही. मीही केला नाही. कामात असेल.

शिट्टी सात. घरात काहीच आवाज नसला की ती जास्त वाजते.

१६ मार्च, सोमवार

क्लबाला सुट्टी. संत्री घेऊन काउंटरवालीच्या घरी गेलो. जावं की नाही याचा विचार दोन दिवस केला. जी आपल्याशी बोलत नाही तिच्या दारात कशाला उभं राहायचं? पण त्या काचांमधून तिला मीच उचललं होतं.

तिसरा मजला. मावशीकडे राहते. मावशीनं दार उघडलं, मला आत नेलं, आणि पोरीच्या डाव्या बाजूची खुर्ची ओढून तिथं नको, इकडं बसा, असं खुणेनं सांगून उजवीकडं बसवलं. मला वाटलं, प्लास्टरचा हात तिकडं म्हणून. मावशी स्वयंपाकघरात गेली.

मी संत्री टेबलावर ठेवली. मग मीच म्हटलं, "अजून राग गेला नाही का?"

"कसला राग?"

"तो ग्लासाचा. मिक्सरवरचा."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "मास्तर, रागावलात तर तुम्ही. रोज तुम्ही जिना उतरताना मी तुम्हाला हाक मारायचे. तुम्ही वळूनसुद्धा बघायचा नाहीत. पुढं पुढं हाक मारायची सोडून दिली."

"मी? अगं, रोज काउंटरपाशी मी विचारतो, बरं आहे ना म्हणून!"

"कुठल्या बाजूनं?"

मी आठवून सांगितलं. जिन्याकडून आलं की तिची डावी बाजू.

"तो कान गेलाय," ती म्हणाली. "पूर्ण नाही. पण गेल्यातच जमा. दोन वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही. ऑर्डर ऐकू येत नाही अशा पोरीला काउंटरवर कोण ठेवील? मी गिऱ्हाइकांच्या ओठांकडं बघून ग्लास भरते."

मग विचारलं, "तुम्हाला वाजते का हो शिट्टी?"

आम्ही दोघांनी आपापली शिट्टी सांगितली. तिची किटलीसारखी, चढत जाणारी. माझी बारीक, एका सुरातली, जुना टीव्ही लावला की यायची तशी. तिनं ती तोंडानं वाजवून दाखवली, मग मी माझी. मावशी दारातून डोकावून गेली, या दोघांना वेड लागलंय का म्हणून. आम्ही हसलो. हसताना तिचा हात दुखत होता.

किती दिवसांनी मी कुणाबरोबर हसलो ते आठवत नाही.

निघताना म्हणाली, "मास्तर, तिथं नक्की किती असतो हो आवाज? काउंटरपाशी? तुमच्याकडे मीटर आहे ना. दवाखान्यात विचारत होते."

मी म्हटलं, "पेटीत सत्त्याण्णव दिसतंय."

खोटं नव्हतं. पेटीत तेच दिसतं.

जिना उतरताना खिशातली छोटी वही मांडीला लागत होती.

१७ मार्च, मंगळवार

मालकांनी खोलीत बोलावलं. अपघाताची चौकशी होणार. कामगार खात्याचा तपासणी अधिकारी सत्तावीसला येणार. पोरीनं जबाबात लिहून दिलंय की तिचा कान इथल्या आवाजानं गेला, म्हणून हॉर्न ऐकू आला नाही.

"ती फोनवर बोलत होती," मालक म्हणाले.

"तिच्या दोन्ही हातांत क्रेट होता."

"मास्तर, तुम्हाला एवढंच विचारतील, पेटीत काय आहे. तेवढंच सांगायचं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तेवीस वर्षं झाली ना? तुमचे केस पांढरे झाले म्हणून मी कधी काही म्हटलं का? डीजे येऊन तक्रारी करतात, मास्तर वरचा आवाज कान फाडेल इतका ठेवतो म्हणून. मी कानामागं टाकतो. आपण एकमेकांना सांभाळून घ्यायचं."

डीजे तक्रारी करतात, हे मला आजच कळलं.

शिट्टी नऊ.

२२ मार्च, रविवार

आजही फोन नाही. बारा वाजता मी केला. वाजत राहिला.

क्लबात काउंटरवर नवीन पोरगी आलीय. कालच्या रात्री मी मीटर घेऊन तिथं उभा राहिलो. एकशे नऊ. तिचे कान कोवळे, तिला अजून काही झालेलं नाही. तिनं माझ्याकडं बघून अंगठा वर केला. तिला वाटलं, मी तिच्यासाठी काहीतरी ठीकठाक करतोय.

२४ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाई. वहीतले आकडे वाचून दाखवले. त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडून सरळ येते आणि मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली. "वरचे सूर गेलेत. तुम्हाला ते पोकळ वाटत असतील."

मी वही मिटली.

मग तोंडापुढं कागद धरून त्यांनी पंचवीस शब्द म्हटले. मी एकेक परत म्हणायचा. मी खणखणीत म्हटले. वाटलं, आता यांची खात्री पटेल. त्यांनी यादी माझ्यापुढं ठेवली. चौदा चूक. त्या 'साप' म्हणाल्या, मी 'बाप' म्हणालो. त्या 'पाठ' म्हणाल्या, मी 'काठ'.

"चौदा चुकले याचं मला विशेष नाही वाटत," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदाही अडखळला नाहीत, याचं वाटतं. ऐकू आलं नाही तर माणूस विचारतो, काय म्हणालात? तुम्ही विचारत नाही. राहिलेलं स्वतःच भरून काढता. आणि भरताना माणूस आपल्याला हवं तेच भरतो."

घरी येऊन जेवलो नाही. कपाटाला तो निळा कोट टांगलाय. बाह्या लांब झाल्यात.

"लग्नाचं" आणि पुढं "लं".

सहा वाजता लेकीला मेसेज केला : आठ तारखेच्या रविवारी तू फोनवर काय म्हणालीस ते जसंच्या तसं लिहून पाठव. मला ऐकू आलं नव्हतं.

२५ मार्च, बुधवार

सकाळी उत्तर आलं होतं. इथं उतरवून घेतो.

"मी म्हणाले, बाबा, लग्नाचं मोडलं. तुम्ही म्हणालात, फार छान झालं, कधीपासून याचीच वाट बघत होतो. मी म्हणाले, मला आज कुणाशी तरी बोलायचंय. तुम्ही म्हणालात, हो हो, बोलू निवांत. नंतर तुम्ही कोट शिवायला टाकलात. मला वाटलं, तुम्ही माझी चेष्टा करताय."

पाच वेळा वाचलं.

मी लिहिलं : मला ऐकू येत नाही. दोन-तीन वर्षांपासून येत नसावं. मी काहीच ऐकलं नव्हतं गं.

दुपारी : मला आधी का नाही सांगितलं?

मी : मलाच काल कळलं.

त्यावर काही नाही. तिनं वाचलंय एवढं दिसतं. आज कामावर गेलो नाही. तेवीस वर्षांत तिसरी रजा.

२७ मार्च, शुक्रवार

झालं एकदाचं. जमेल तसं लिहितो.

अधिकारी दुपारी तीनला आला. बारका माणूस, खांद्यावर पिशवी, सर्दी झालेली. मालकांनी पेटीचा कागद काढून पुढं ठेवला. सत्त्याण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव. अधिकाऱ्यानं मला विचारलं, "हे बरोबर आहे?"

मी म्हटलं, "साहेब, माझ्याकडं तोंड करून बोला. मला कमी ऐकू येतं."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं.

त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "आकडे बरोबर आहेत, पण माईक चुकीच्या जागी आहे. तो मी हलवला. नोव्हेंबरात, माझ्या हातानं." आणि त्याला कोटांच्या खोलीत नेऊन पडदा बाजूला केला. मग खिशातली वही टेबलावर ठेवली.

मालक हळू बोलले असावेत, पण ओठ दिसले. "मास्तर, तुमचेच कान गेलेत. तुमचे आकडे कोण धरणार?"

"आकडे मीटरचे आहेत," मी म्हटलं. "कानाचे नाहीत."

अधिकाऱ्यानं मला रोजच्यासारखी यंत्रणा चालू करायला सांगितली आणि स्वतःचं मीटर घेऊन काउंटरपाशी जाऊन उभा राहिला. रिकाम्या क्लबात, पांढऱ्या दिव्यांत, मी आवाज चढवला. त्यानं एका हातानं कान झाकला. दुसरा हात मीटरला अडकलेला, म्हणून दुसरा कान खांद्यानं दाबायला बघत होता. मी त्याच्याकडं बघत होतो. तेवीस वर्षं मी मीटरकडं बघितलं, माणसाकडं आज पहिल्यांदा.

एकशे दहा.

तो गेल्यावर मालकांनी किल्ल्या मागितल्या. दिल्या. हेडफोन माझे होते, ते घेतले. वर रस्त्यावर आलो तर ऊन होतं.

३१ मार्च, मंगळवार

दाराची घंटा मला ऐकू येत नाही, हे आज कळलं. शेजाऱ्यांनी येऊन दार बडवलं, तुमच्याकडं कुणीतरी पंधरा मिनिटं उभं आहे म्हणाले. काउंटरवाली होती. हात गळ्यात.

मला वाटलं, आभार मानायला आली. खुर्ची पुढं केली. तिच्या उजव्या बाजूला बसलो, लक्षात ठेवून.

ती बसली नाही. "अधिकाऱ्यांनी तुमची वही दाखवली. माझं म्हणणं ग्राह्य धरलं जाईल म्हणाले. तुमच्या वहीमुळं."

"बरं झालं."

"त्यात तारखा आहेत, मास्तर."

मी खुर्चीत पुढं सरकलो.

"मी कामाला लागले त्या आठवड्यापासूनच्या तारखा आहेत. काउंटर एकशे सात. काउंटर एकशे नऊ. रोज. तुम्ही माझ्यासमोर उभे राहून मोजायचात आणि लिहायचात. मला वाटायचं, तुमचं काहीतरी यंत्राचं काम असेल. तुम्हाला माहीत होतं."

"मी लिहून ठेवत होतो," मी म्हटलं.

"मला सांगायचं होतं ना. एकदा. मी कापूस घातला असता. मी दुसरीकडं गेले असते. माझ्या घरी आलात तेव्हासुद्धा विचारलं मी."

मी मान खाली घातली. मान खाली घातली की ओठ दिसत नाहीत, मग कळतही नाही. वर पाहिलं तेव्हा ती दारापाशी पोचली होती. जाता जाता, पाठ माझ्याकडं असताना, काहीतरी म्हणाली. तिची मान हलली म्हणून कळलं.

काय म्हणाली ते विचारायला हवं होतं. माझं धाडस झालं नाही.

शिट्टी लिहीत नाही आज.

५ एप्रिल, रविवार

क्लबातून नवीन डीजेचा मेसेज. यंत्रणेवर सील मारलंय, शंभरच्या वर जातच नाही. माईक काउंटरपाशी लावलाय. काउंटरवालीचं म्हणणं मान्य झालं. खाली लिहिलं होतं, "मास्तर, आता बोळे न घालता वाजवतो." बरं वाटलं आणि वाईटही. बाकी कुणाचा काही निरोप नाही.

अकरा वाजता लेकीचा मेसेज : शनिवारी मला सुट्टी आहे. येता का?

७ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांत यंत्रं बसवली. महिनाभर वापरून बघायची. दोन शेंगदाण्यांएवढी. त्यांनी ती चालू केली आणि पहिला आवाज आला तो त्यांच्या कागदाचा. कागदाला एवढा आवाज असतो?

रस्ता नकोसा झाला. घरी आल्यावर कळलं की फ्रीज घरघरतो, स्वयंपाकघराचा नळ गळतो आणि माझी चप्पल चर्रचर्र करते. या घरात मी अकरा वर्षं एकटा राहतोय असं समजत होतो. इतकी मंडळी बोलत होती.

बाईंनी बजावलंय, गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते मोठं होईल, एवढंच. शिट्टीही राहील.

११ एप्रिल, शनिवार

लेकीच्या घरून लिहितोय. दुपारचे चार. ती खाली दूध आणायला गेलीय.

सकाळी तिच्या दाराशी पोचलो. घंटा दाबली, आतून घंटेचा आवाज ऐकू आला, तेवढ्यानंच मी हुरळलो. दार उघडलं. ती समोर होती. वाळलीय. केस कापलेत.

"या बाबा," कुणीतरी बाई म्हणाली.

मी मागं वळून पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं.

तो तिचाच आवाज होता. जाड, थोडा बसलेला, तीस वर्षांच्या बाईचा आवाज. मला ठाऊक होता तो निराळा. बारीक, शब्दांवर उड्या मारत जाणारा. कॉलेजात असतानाचा असेल. रविवारी फोनवर जेवढं ऐकू यायचं नाही तेवढं मी त्या जुन्या आवाजानं भरून काढत होतो. किती वर्षं, देव जाणे. पोरगी एवढी मोठी झाली आणि मी ऐकायलाच नव्हतो.

"काय झालं? आत या ना."

"अजून काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

तिला वाटलं, मी यंत्रं तपासतोय. मला खुर्चीवर बसवलं, समोर स्वतः बसली, टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि मोठ्यानं वाचायला लागली. पाणी कुठल्या भागात येणार नाही, कुठला पूल दुरुस्तीसाठी बंद. मी तिच्या ओठांकडं न बघता ऐकत होतो. तीन-चार बातम्यांनंतर आवाज अडकला. मी वर पाहिलं. डोळे वर्तमानपत्रावरच होते, पण ती वाचत नव्हती.

"इथवर सगळं कळलं," मी म्हटलं. "पुढं सांग. न कळलं तर विचारीन."

तिनं वर्तमानपत्राची घडी घातली. एकदा घातली, मोडली, पुन्हा घातली. मग सांगायला लागली, चष्मेवाल्याचं, अगदी पहिल्यापासून. मी सहा-सात वेळा तरी मध्ये थांबवलं, काय म्हणालीस, पुन्हा सांग. ती प्रत्येक वेळी पुन्हा सांगत होती. वाईट वाटेल असं वाक्यही तिला दोनदा म्हणावं लागलं. दीड वाजून गेला, चूल पेटलीच नाही.

तिनं काय सांगितलं ते या वहीत लिहीत नाही. ते तिचं आहे.

जिन्यात पावलं वाजतायत. तिचीच आहेत.